सार्वजनिक तोटीवर गावाचे नाव
(सरपंच, पंच, पंचायत सचिव, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गोव्यात कोणाला ठाऊक नाही? आसपासच्या गावांतून भल्या पहाटे निघालेल्या स्त्रिया आपापल्या पाट्या उतरवून जागा धरतात आणि भाजी, मिरची, केळी, फुले मांडून बसतात. हेच दृश्य कमीअधिक प्रमाणात फोंड्याला, मडगावला, सावंतवाडीला आणि बेळगावलाही दिसते. सकाळी मांडलेला माल उन्हे कलेपर्यंत सोडता येत नाही. दुपारच्या सुमारास अशी एखादी स्त्री शेजारणीला पाटीवर लक्ष ठेवावयास सांगून बाजाराजवळच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे जाते. इमारत जागेवर असते. दार असते, छप्पर असते, भिंतीवरच्या पांढऱ्या फरशाही असतात. मात्र जेथे नळाची तोटी असावयाची तेथे एक भोक असते आणि त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला असतो. ती परत फिरते. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती घरून निघतानाच पाणी पीत नाही आणि सबंध दिवस तहान मारून बसते.

सार्वजनिक स्वच्छतागृहातील एक तोटी चोरीला जाते तेव्हा नेमके काय चोरीला जाते, याचे उत्तर या बाईच्या तहानेत आहे. पंचायतीच्या नोंदवहीत तोटीची किंमत काहीशे रुपये लिहिली जाते आणि नुकसान तेवढेच झाले असे मानले जाते. वस्तुतः ते तेवढे कधीच नसते.

नुकसानीचा खरा हिशेब

चोराच्या हाती तोटीची किंमत येत नाही. मोडीच्या धातूचे वजनावारी पैसे तेवढे येतात. नवी तोटी ज्या भावाने येते त्याचा लहानसा अंशच त्याला मिळतो. परंतु तेवढ्यासाठी भिंतीचा गिलावा फुटतो, फरशी निखळते, आतली नळी पिळवटते आणि पाणी वाहू लागते. उघड्या पडलेल्या नळीतून मिनिटाला केवळ १० लिटर पाणी गेले असे धरले, तरी १,००० लिटरची टाकी १०० मिनिटांत रिकामी होते. टाकीला पाणी चालूच असेल, तर रात्रीच्या आठ तासांत ४,८०० लिटर पाणी गटारात जाते. शाळेतील गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. मुलांना ते पाठ्यपुस्तकातील हौदाच्या गणितापेक्षा लवकर समजेल.

याहून मोठे नुकसान त्यानंतर सुरू होते. पाणी नाही म्हणून स्वच्छता होत नाही. स्वच्छता नाही म्हणून दुर्गंधी सुटते. दुर्गंधीमुळे लोक आत न जाता बाहेरच्या भिंतीचा आश्रय घेतात. आणि अखेरीस तक्रारींना कंटाळून कोणीतरी दाराला कुलूप घालतो. हे कुलूप पुष्कळ ठिकाणी बंदोबस्त म्हणून सांगितले जाते. परंतु कुलूप हा बंदोबस्त नव्हे. चोराने एक तोटी नेली. कुलपाने सबंध इमारत नेली. लोकांच्या पैशाने बांधलेली वास्तू लोकांनाच बंद झाली, म्हणजे चोराचे उरलेले काम गावाने पुरे केले असेच म्हणावे लागेल.

या बंद दाराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पुरुष आडोसा शोधतो. बाजारातील स्त्रिया, बसस्थानकावर खोळंबलेली गर्भवती, वृद्ध, मधुमेहाचे रुग्ण आणि शाळेतील वयात आलेल्या मुली यांना तो मार्ग नाही. पाणी न पिणे व वेग रोखून धरणे यांमुळे मूत्रमार्गाचे विकार बळावतात, हे डॉक्टर वारंवार सांगत असतात. शौचानंतर साबणाने हात न धुता आल्यास अतिसारासारखे रोग घरोघर पोचतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ असे प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. घरात नळ आला ही मोठीच गोष्ट झाली. परंतु घराबाहेर पडलेल्या माणसाला बाजारात, जत्रेत, शाळेत आणि बसस्थानकावर जी तोटी उपयोगी पडते ती सार्वजनिकच असते.

पितळेचे मोल

तोट्यांवरच चोराचा डोळा का, हे समजून घेतले पाहिजे. चांगली तोटी पितळेची ओतलेली असते आणि वर चकाकीचा मुलामा असतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्र धातू. हा धातू कितीही वेळा वितळवून पुन्हा ओतता येतो. म्हणूनच मोडीलाही बाजारात नेहमी मागणी राहते. गुजरातमधील जामनगर येथे पितळेच्या सुट्या भागांचा जो प्रचंड उद्योग आहे, तो बव्हंशी अशा मोडीच्या पितळेवरच उभा आहे. हा व्यवसाय उपयुक्त आणि प्रतिष्ठेचा आहे. परंतु ज्या गुणामुळे पितळ उपयुक्त ठरते तोच गुण चोराच्याही पथ्यावर पडतो. मुशीत गेलेल्या धातूला ओळख उरत नाही.

याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. विन्स्टन चर्चिल यांचा जन्म ज्या ब्लेनिम राजवाड्यात झाला, तेथे २०१९ साली मॉरित्सिओ कात्तेलान या इटालियन कलावंताने घडविलेले १८ कॅरट सोन्याचे शौचपात्र प्रदर्शनात मांडले होते. ते पाण्याच्या नळांना जोडलेले व प्रत्यक्ष वापरता येण्याजोगे होते. सप्टेंबर महिन्यात एका पहाटे चोरांनी ते उपटून नेले. उखडलेल्या जोडातून पाणी वाहून त्या जुन्या इमारतीचेही नुकसान झाले. २०२५ साली या प्रकरणी आरोपींवर दोष सिद्ध झाला. पण सोने काही परत मिळाले नाही. सोन्याचे शौचपात्र असो वा पंचायतीच्या न्हाणीतील पितळी तोटी असो, चोरीची रीत एकच आणि परिणामही तेच. धातू जातो, पाणी वाहते, वास्तू बिघडते.

चोर म्हणजे गरजूच असणार, हा समजही तपासून घ्यावा. मे २०१७ मध्ये मुंबई ते करमळी अशी नवी तेजस गाडी मोठ्या थाटाने सुरू झाली. पहिल्याच फेऱ्यांनंतर त्या गाडीतील हेडफोन गहाळ झाल्याचे व पडद्यांची नासधूस झाल्याचे वृत्त वर्तमानपत्रांत आले. त्या गाडीचे तिकीट काढणारे प्रवासी काही उपाशी नव्हते. रेल्वेच्या शौचालयातील साखळीने बांधलेला मग्गा सर्वांनी पाहिला आहे. ती साखळी एखाद्या भुरट्या चोरासाठी बांधलेली नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी जी एक समजूत रुजली आहे तिच्यासाठी ती बांधलेली आहे.

नाव घालण्याची जुनी रीत

आपल्या समाजात या समजुतीवर एक जुना उपाय आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे. मराठी घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. लग्नामुंजीत आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव व तिथी कोरलेली असे. कार्याच्या दिवशी वाड्यावरची भांडी एकत्र होत, शंभर पानांचे जेवण उठे, आणि संध्याकाळी प्रत्येक हंडा, घंघाळ व परात बिनचूक आपापल्या घरी परत जाई. भांडी आपसांत मिसळत, पण हरवत नसत. ज्याच्यावर नाव आहे ते भांडे मोडीत घालताना तांबटही विचारी, ‘हे कोणाचे?’

सार्वजनिक तोटीवर असे नाव नसते. ती ज्या दुकानातून आली त्या दुकानातील इतर शंभर तोट्यांसारखीच ती दिसते. चोर सापडला तरी ‘ही तोटी अमुक पंचायतीची’ हे सिद्ध करणे पोलिसांना कठीण जाते. यास्तव पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय असा की, प्रत्येक तोटी, प्रत्येक झडप आणि टाकीतील तरंगत्या गोळ्याची प्रत्येक पितळी दांडी बसविण्यापूर्वी तिच्यावर पंचायतीचे किंवा शाळेचे आद्याक्षर, वर्ष आणि अनुक्रमांक ठशाने उठवावा. ठसा सहज घासता येईल अशा जागी नसावा, आणि शक्य तर दोन ठिकाणी असावा. तेच अनुक्रमांक साठा-नोंदवहीत लिहावेत. बिलात पितळेची तोटी आणि भिंतीवर हलकी तोटी, असा प्रकारही या नोंदीमुळे लपून राहत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पंचायतीने जुने सामान स्वतः मोडीत काढले तर त्यावरील ठसा छेद देऊन रद्द करावा आणि घेणाऱ्यास पावती द्यावी. एरवी प्रत्येक चोर ‘हे लिलावातले’ असे सांगू लागेल आणि ठशाला अर्थ उरणार नाही.

बांधणीतील काळजी

दुसरा उपाय बांधकामाचा आहे. तोटी काढणे जितके वेळखाऊ व जोखमीचे, तितकी चोरी कमी.

नवे स्वच्छतागृह बांधताना दोन रांगांमध्ये अरुंद बोळ सोडावा, सर्व नळ्या व झडपा त्या बोळात घ्याव्यात आणि त्याला एकच भक्कम दार व कुलूप ठेवावे. वापरणाऱ्याच्या बाजूला केवळ तोटीचे तोंड दिसावे आणि तिची पकड भिंतीमागून आवळलेली असावी. कुलूप घालावयाचे ते येथे, लोकांच्या दाराला नव्हे. जुन्या इमारतीत हे शक्य नसेल तर नळ्या भिंतीत पुराव्यात आणि साध्या पेचकसाने फिरणार नाहीत असे खास खाचेचे स्क्रू वापरावेत.

धातूची निवडही विचारपूर्वक करावी. पी.टी.एम.टी. नावाच्या कणखर प्लास्टिकच्या तोट्या आता सर्वत्र मिळतात. भारतीय मानक संस्थेची त्यांसाठी स्वतंत्र मानके असल्यामुळे मानकचिन्ह पाहून त्या घेता येतात. मोडीत त्यांना किंमत नसल्याने चोराला त्यांचा मोह पडत नाही. त्या पितळेइतक्या दणकट नसतात व आडदांड वापराने मोडतात, हे खरे. परंतु मोडलेली तोटी बदलणे हे पळविलेल्या तोटीसाठी भिंत फोडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. जेथे गर्दी फार तेथे पोलादी, न गंजणारी तोटी घ्यावी. तिला मोडीचा भाव पितळेहून कमी येतो. दाबून सोडली की आपोआप बंद होणारी तोटी पाणी वाचविते, मात्र तिच्या आत बहुधा पितळच असते, म्हणून ती पकड पक्की करूनच बसवावी. जमिनीवरील लोखंडी जाळ्या काँक्रीटमध्ये बिजागरीने अडकवाव्यात.

प्रत्येक इमारतीला बाहेरून हाताशी येणारी एक मुख्य झडप असावी आणि ती कोठे आहे हे निदान तीन माणसांना ठाऊक असावे. तोटी गेलीच, तर पाणी तरी वाचेल. रात्री दाराशी दिवा असावा, आणि दार रस्त्याच्या किंवा दुकानांच्या नजरेत असावे. लाज राखण्यासाठी आत आडभिंत घालता येते, त्यासाठी सबंध इमारत अंधाऱ्या कोपऱ्यात लोटण्याचे कारण नाही.

आणि शेवटचे म्हणजे कपाटात दोनचार तोट्या शिल्लक ठेवाव्यात. आज गेलेली तोटी उद्या सकाळी बसली तर गाव जागे आहे हे सर्वांना दिसते. ती तीन महिने बसली नाही तर दुसरी, तिसरी आणि अखेरीस दाराची कडीही जाते.

राखणारा माणूस

परंतु ठसा, स्क्रू आणि दिवा हे सर्व माणसाच्या मदतीला आहेत, माणसाच्या ऐवजी नाहीत. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुरू केलेल्या सुलभ चळवळीने १९७४ साली पाटणा येथे पैसे देऊन वापरावयाचे सार्वजनिक शौचालय उघडले. लोक पैसे देणार नाहीत, असे तेव्हा पुष्कळांना वाटले होते. लोकांनी ते दिले. कारण तेथे पाणी होते, साबण होता आणि दाराशी एक जबाबदार माणूस बसलेला होता. सुलभची यंत्रणा देशभर पसरली ती या दारातल्या माणसाच्या बळावर. जेथे माणूस बसतो तेथे पाना घेऊन कोणी शिरत नाही.

प्रत्येक गावाला पगारी राखणदार परवडत नाही. तेथे शेजारचा चहावाला, रिक्षातळावरील मंडळी किंवा स्त्रियांचा स्वयंसाहाय्य गट यांच्याकडे देखरेख सोपविता येते. त्यांचे नाव व पंचायतीचा दूरध्वनी क्रमांक दारावर रंगवावा. सफाई करणाऱ्या कामगाराने दररोज तोट्या मोजून वहीत आकडा लिहावा. चोरी झाली की पहिला संशय त्याच कामगारावर घ्यावयाचा, ही वाईट खोड मात्र सोडली पाहिजे. रोजची मोजणी त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी नसून त्याच्या प्रामाणिकपणाचा लेखी पुरावा म्हणून आहे.

भंगार व्यावसायिकांनाही या कामात सामील करून घ्यावे. चोरीची तोटी जोवर विकली जाते तोवरच चोरली जाते. इंग्लंड व वेल्समध्ये धातूच्या चोऱ्या बेसुमार वाढल्या तेव्हा तेथे २०१३ साली कायदा झाला; त्यानुसार भंगारधातू रोख पैसे देऊन घेण्यास मनाई आहे आणि विकणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवावी लागते. येथील ग्रामसभांनीही आपल्या हद्दीतील व्यावसायिकांशी बोलून विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, वस्तू व वजन यांची वही ठेवण्याचा परिपाठ घालून द्यावा, आणि पंचायतीच्या ठशाचा नमुना त्यांच्या दुकानी लावावा. प्रामाणिक दुकानदाराला या वहीचे संरक्षणच मिळेल. पाठीवर पोते घेऊन कागदबाटल्या वेचणाऱ्यांकडे सरसकट चोर म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. गावाची अर्धी स्वच्छता तेच करीत असतात.

कायदा काय सांगतो

तोटी ही क्षुल्लक वस्तू असल्याने तिच्या चोरीची शिक्षाही क्षुल्लक असेल, असा समज आहे. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्या कलमात सामाजिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. परंतु कलम ३०५ मध्ये शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेची चोरी निराळी धरली आहे. तिला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे आणि त्या कलमात ही सवलत लिहिलेली नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासही कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि असा माल घेण्याची सवयच असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपेपर्यंत जाते. शिवाय सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांसाठी १९८४ चा स्वतंत्र कायदा आहेच.

यास्तव चोरी लक्षात येताच सचिवांनी किंवा मुख्याध्यापकांनी पोलिसांत खबर द्यावी, सोबत अनुक्रमांक द्यावेत आणि पहिल्या खबरीची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. ‘एका तोटीसाठी कशाला?’ असे म्हणून गप्प बसण्याने चोराला दुसऱ्या तोटीचा परवाना मिळतो.

एखादे अल्पवयीन मूल या कामात सापडले तर त्याला मारझोड करू नये व त्याची धिंडही काढू नये. १८ वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे आणि त्यांचे प्रकरण बालन्याय मंडळाकडे जाते. त्या मुलाकडून तोटी विकत घेणारा प्रौढ कोण होता, हा प्रश्न आधी विचारावा.

शाळेपासून आरंभ

या कामाचा आरंभ शाळेतून व्हावा. दर शनिवारी वर्गाच्या दोन मुलामुलींनी शाळेतील तोट्या मोजाव्यात, गळती पाहावी आणि वहीत लिहावे. नवी तोटी बसवताना तिच्यावरचा ठसा मुलांना दाखवावा. ज्या मुलाने स्वतः मोजलेली तोटी आहे, ती उपटण्यास त्याचा हात धजत नाही. आणि दुसऱ्याने उपटली तर ते घरी येऊन सांगते. गावाची मालकी म्हणजे काय हे त्याला व्याख्यानाशिवाय कळते.

पुढील ग्रामसभेत पुष्कळ मोठे विषय असतील. रस्ता असेल, पूल असेल, कचऱ्याचा प्रश्न असेल. त्यांत पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. गावात सार्वजनिक तोट्या किती, त्यांपैकी चालू किती, त्यांवर नाव आहे काय, आणि त्या राखण्याची जबाबदारी कोणाची, एवढे चार प्रश्न विचारावेत व उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. कुलूप घातलेले स्वच्छतागृह असेल तर ते कोणत्या तारखेस उघडणार, हेही त्यातच लिहावे.

बाजाराच्या दिवशी पहाटे घरून निघालेल्या त्या बाईला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. दुपारी तिने तोटी फिरवावी, पाणी यावे, तिने हात धुवावेत आणि आपल्या पाटीपाशी परत जावे. तिला निघताना घोटभर पाणी निर्धास्तपणे पिता यावे, एवढ्यासाठी गावाने आपल्या तोटीवर आपले नाव घालावे आणि ते राखावे.